‘त्यात त्याचं भलं असेल तर’ : दहा वर्षांच्या अनस (रजि.) यांचं प्रकरण

मुलांनी काम करावं का, हा प्रश्न मुस्लिम बैठकीत निघाला की कुणीतरी हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांचा दाखला देतंच. दहाव्या वर्षी ते पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या खिदमतीला (सेवेला) लागले, मग आमच्या मुलाने चार पैसे मिळवले तर इस्लाम आडवा कुठे येतो? दाखला खरा आहे आणि म्हणूनच तो जपून वापरायला हवा. या एकाच प्रकरणाचे तपशील मी इथे एकत्र मांडतो आहे: मूल कोण होतं, त्याला कुणी आणलं, कशासाठी आणलं, काम काय होतं, चुकलं की काय व्हायचं आणि पुढच्या फकीहांनी (इस्लामी कायदेपंडितांनी) यातून काय घेतलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे प्रकरण शेवटपर्यंत वाचलं, तर त्याच्या आधारावर कामाला लावलेल्या बहुतेक मुलांना घरी परत पाठवावं लागेल.

मूल आणि घर

अनस मदीनेच्या खजरज टोळीतल्या बनू नज्जार कुळातले. आई उम्मे सुलैम (रजि.) यांनी इस्लाम स्वीकारला, वडिलांनी नाही. त्यावरून घरात बिनसलं, वडील शामच्या (सीरियाच्या) दिशेने निघून गेले आणि तिकडेच त्यांचा अंत झाला. पुढे अबू तल्हा (रजि.) यांनी उम्मे सुलैम यांना मागणी घातली. ते तेव्हा मुसलमान नव्हते. उम्मे सुलैम यांनी मेहर (नवऱ्याने पत्नीला द्यायची देणगी) म्हणून त्यांच्याकडे त्यांचा इस्लामच मागितला. सन 622 मध्ये पैगंबर (स.) हिजरत (मक्केहून स्थलांतर) करून मदीनेत आले, तेव्हा अनस दहा वर्षांचे होते.

शरियतच्या भाषेत हा मुलगा यतीम होता. बालिग होण्याआधी (वयात येण्याआधी) ज्याचे वडील जातात तो यतीम, मग आई हयात असो वा नसो. कुरआन यतीमाबद्दल फार कडक बोलतो. ‘यतीमावर जबरदस्ती करू नका’ (सूरा 93, आयत म्हणजे वचन 9). यतीमाचा माल अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात (4:10). म्हणजे अनस यांच्या जागी असलेलं मूल कुणाच्या दारात पाऊल टाकतं, तेव्हा त्याच्यामागे या आयती उभ्या असतात. दाखला देताना हे सहसा कुणी सांगत नाही.

दारात काय घडलं

या घटनेची दोन कथनं आहेत आणि दोन्ही खुद्द अनस यांचीच आहेत. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातल्या (हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची आणि कृतींची नोंद) कथनात आई घेऊन जाते. आपल्या ओढणीचा अर्धा भाग तिने मुलाच्या कमरेला गुंडाळला आहे, उरलेला अर्धा अंगावर घातला आहे. ती म्हणते, हा माझा मुलगा छोटा अनस, तुमच्या खिदमतीसाठी आणला आहे, याच्यासाठी दुआ करा. पैगंबर (स.) दुआ करतात: अल्लाह, याला भरपूर माल दे, भरपूर मुलंबाळं दे.

सहीह बुखारी या दुसऱ्या संग्रहातल्या कथनात सावत्र वडील, अबू तल्हा, हात धरून नेतात. ते म्हणतात, अनस हुशार मुलगा आहे, तो तुमची खिदमत करेल. मुस्नद अहमद या आणखी एका संग्रहातल्या कथनात आईच्या तोंडी आणखी एक गोष्ट येते: ‘हा लिहिता येणारा मुलगा आहे.’ दहा वर्षांच्या, वडील नसलेल्या मुलाची ओळख करून देताना त्याला लिहिता येतं हे ती आई आवर्जून सांगते.

या घराला मुलाच्या कमाईची गरज होती का? ओढणीचा तपशील वाचला की ओढग्रस्त घर डोळ्यांसमोर येतं. पण बुखारीतच असंही आहे की मदीनेच्या अन्सारांमध्ये (तिथल्या मूळच्या मुसलमानांमध्ये) खजुराच्या बागा सर्वांत जास्त अबू तल्हांच्या होत्या. हातातल्या मुलाला राबवायचंच असतं, तर त्यांच्याकडे बागा होत्या, विहिरी होत्या. शिवाय कुठल्याही कथनात मजुरी ठरल्याचा उल्लेख नाही. आईने दारात मागितली ती दुआ. माझ्या वाचनाप्रमाणे या जोडप्याने मुलाला पोटासाठी पाठवलं नव्हतं. मदीनेत शिकण्यासाठी त्या घरासारखी दुसरी जागा नव्हती, आणि तिथे आत जायला खिदमत ही वाट होती.

काम काय होतं

मोठं ओझं, लांबचे तास, धोक्याची अवजारं यांतलं काही इथे दिसत नाही. पैगंबर (स.) नैसर्गिक विधीसाठी बाहेर जात, तेव्हा अनस आणि आणखी एक मुलगा पाण्याची छोटी पखाल घेऊन मागे जात. दोघं मिळून एक पखाल. निरोप पोचवायचे. जैनब (रजि.) यांच्याशी निकाह झाल्यावर वलीम्याला (लग्नाच्या जेवणाला) लोकांना बोलावून आणायला अनस यांनाच पाठवलं होतं.

आणि खेळ? खेळ सुटलाच नाही. अनस सांगतात, एकदा पैगंबरांनी मला कामाला पाठवलं. मी म्हणालो, अल्लाहची शपथ, मी जाणार नाही. मनात मात्र जायचं होतं. निघालो, तर वाटेत बाजारात मुलं खेळत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी मानेला धरलं. वळून पाहिलं, तर पैगंबर (स.) हसत होते. ‘उनैस, सांगितलं होतं तिथे गेलास का?’ ‘हो, हा निघालोच.’

या प्रसंगात मूल तोंडावर ‘नाही’ म्हणतं. वाटेत रेंगाळतं. मालक मागून येतो आणि हसतो. उनैस हे अनसचं लाडाचं रूप आहे, आपण बाळाला हाक मारावी तसं. ‘नाही’ म्हणण्याची सोय ज्या मुलाला असते, त्याचं काम आणि ज्याला ती नसते त्याचं काम, या दोन गोष्टींना एकच शब्द वापरणं मला पटत नाही.

दुसरा प्रसंगही सहीह मुस्लिमचाच. अनस मुलांबरोबर खेळत होते. पैगंबर (स.) आले, सगळ्या मुलांना सलाम केला आणि अनस यांना एका कामाला पाठवलं. घरी परतायला उशीर झाला. आईने विचारलं, कुठे अडकलास? म्हणाले, पैगंबरांनी कामाला पाठवलं होतं. काम काय होतं? ते गुपित आहे. आई म्हणाली, मग पैगंबरांचं गुपित कुणालाही सांगू नकोस. यातून एक साधी गोष्ट कळते. मूल घरी परत यायचं, आई वाट पाहायची, उशीर झाला तर कारण विचारायची. पैगंबरांचंही या घरात येणंजाणं होतं. अनस यांच्या धाकट्या भावाचा, अबू उमैरचा, पाळलेला लहानसा पक्षी मेला, तेव्हा त्यांनीच ‘अबू उमैर, तुझ्या पाखराचं काय झालं?’ असं लडिवाळपणे विचारलं होतं. कामावर ठेवणारा आणि घरचे एकमेकांना दिसत होते. मूल नजरेआड गेलेलं नव्हतं.

चुकलं तर काय व्हायचं, याचं उत्तर अनस यांनी म्हातारपणापर्यंत सांगितलं. दहा वर्षं खिदमत केली. या काळात पैगंबर मला ‘उफ्’ सुद्धा म्हणाले नाहीत. केलेल्या गोष्टीबद्दल ‘असं का केलंस’ म्हणाले नाहीत, राहून गेलेल्या गोष्टीबद्दल ‘का नाही केलंस’ म्हणाले नाहीत. ‘उफ्’ हा शब्द कुरआनमध्येही येतो: म्हाताऱ्या आईवडिलांना उफ् देखील म्हणू नका (17:23). मुलांनी आईबापांना जो शब्द बोलायचा नाही, तोच शब्द या कामकरी मुलाला दहा वर्षांत ऐकावा लागला नाही.

इमाम बुखारींनी दिलेलं शीर्षक

आता मी या प्रकरणातल्या सर्वांत महत्त्वाच्या जागी येतो. इमाम बुखारी (मृत्यू सन 870) हदीस कुठल्या प्रकरणात, कुठल्या शीर्षकाखाली ठेवतात यातून त्यांची फिकह (कायद्याची समज) कळते, असं जुने विद्वान सांगत आले आहेत. अबू तल्हा अनसचा हात धरून घेऊन गेले ही हदीस त्यांनी वसीयतीच्या (मृत्युपत्राच्या) प्रकरणात, यतीमांच्या मालाच्या शेजारी ठेवली. शीर्षक असं: प्रवासात आणि घरी यतीमाकडून खिदमत घेणे, त्यात त्याचं भलं असेल तर, आणि आई व तिच्या पतीने यतीमावर लक्ष ठेवणे.

‘इजा काना सलाहन लहू.’ त्यात त्याचं भलं असेल तर. सगळं प्रकरण या अटीवर टांगलेलं आहे. भलं घराचं, काकाचं, कारखानदाराचं नव्हे. ‘लहू’ म्हणजे त्याचं, त्या मुलाचं. कुरआनमध्ये यतीमांबद्दल विचारणा होते, तेव्हाही याच धातूतला शब्द येतो: त्यांचं हित साधणं उत्तम (2:220). आणि शीर्षकाचा दुसरा भाग देखरेखीचा आहे. मुलाला सोपवून आईची जबाबदारी संपली, असं बुखारी मानत नाहीत.

प्रवासाचंही पाहा. खैबरच्या मोहिमेच्या वेळी पैगंबर (स.) अबू तल्हांना म्हणाले, तुमच्या मुलांपैकी एखादा माझ्या खिदमतीला द्या. अबू तल्हांनी अनस यांना आपल्यामागे स्वारीवर बसवून नेलं. अनस तर आधीपासून खिदमतीत होते, मग पुन्हा मागणी का? हदीसचे भाष्यकार दोन्ही कथनं अशी जुळवतात की ही मागणी प्रवासापुरती वेगळी होती. घरच्या कामाला मिळालेली परवानगी दूरच्या, जोखमीच्या कामाला आपोआप लागू झाली नाही.

जोखमीच्या बाबतीत वयाची रेघ कुठे होती, हे अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या अनुभवातून कळतं. उहुदच्या लढाईच्या वेळी ते चौदा वर्षांचे होते. त्यांना परत पाठवण्यात आलं. खंदकच्या लढाईच्या वेळी पंधरा वर्षांचे झाले, तेव्हा घेतलं. पुढचे खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी ही हदीस ऐकली आणि म्हणाले, लहान आणि मोठा यांच्यातली सीमा हीच. त्यांनी आपल्या अंमलदारांना तसं लिहूनही पाठवलं. अनेक शतकांनी उस्मानी राज्यात तयार झालेल्या मजल्ला संहितेतही बालिगपणाची शेवटची मर्यादा पंधराच राहिली.

उस्मान (रजि.) यांचा खुत्बा

अनस यांचा दाखला देणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी विचारतो: इमाम मालिक यांच्या मुवत्ता या ग्रंथातला तिसरे खलिफा उस्मान यांचा खुत्बा (प्रवचन) तुम्ही वाचला आहे का? उस्मान (रजि.) मिंबरवरून (मशिदीतल्या व्यासपीठावरून) म्हणाले होते की लहान मुलावर कमाईची सक्ती करू नका, कारण कमाई मिळाली नाही तर ते चोरी करेल.

वाक्य एका ओळीचं आहे, पण त्यात मुलाच्या मनाची जाण आहे. रोज ठरलेली रक्कम घरी आणायचीच, असं ज्या मुलाच्या डोक्यावर असतं, ते रिकाम्या हाताने परतायला घाबरतं. चोरीचा दोष खुत्बा मुलावर टाकत नाही. बोलणं सगळं मोठ्यांशी आहे, सक्ती करणाऱ्यांशी. अनस यांच्यावर आणि अशा मुलावर एकच हुकूम कसा लागेल? एकाकडे निरोप पोचवायचं काम आहे, दुसऱ्याकडे घर चालवायचं.

फकीहांनी काय ठरवलं

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. अभिजात फिकहने मुलांच्या कामाला सरसकट बंदी घातलेली नाही. हनफी मजहबच्या (कायद्याच्या परंपरेच्या) ग्रंथांत असं आहे की मुलगा कमावण्याजोगा झाला, तर वडील त्याला हुनर शिकायला किंवा कामाला लावू शकतात आणि त्या कमाईतून त्याच्यावर खर्च करू शकतात. मुलीला मात्र असं मजुरीवर देता येत नाही, तिचा खर्च वडिलांवरच राहतो. हे वाचून कुणी म्हणेल, मग झालं की. पण त्याच फकीहांनी घातलेल्या अटी पुढे आहेत.

मजुरी मुलाची. वली (पालक) करार करतो म्हणून पैसा वलीचा होत नाही. ‘तू आणि तुझा माल तुझ्या वडिलांचा’ ही हदीस इथे पुढे केली जाते. बहुतेक फकीहांनी ती वडिलांच्या गरजेपुरती घेतली. हंबली मजहबने वडिलांना जास्त मोकळीक दिली, पण मुलाला इजा पोचता कामा नये या अटीवर. यतीमाच्या बाबतीत तर काका, मामा किंवा आजोबा यांना हा दरवाजाही तसा उघडा नाही. तिथे 4:6 लागू होते: सांभाळणारा सधन असेल तर त्याने यतीमाच्या मालापासून दूर राहावं, गरीब असेल तर रीतीपुरतं घ्यावं. आणि काम करवून मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी मी स्वतः फिर्यादी असेन, असं अल्लाह म्हणतो, ही बुखारीतली हदीसे कुदसी लहान मजुरालाही लागू आहे.

सर्वांत मोलाची गोष्ट हनफी फकीह इमाम कासानी (मृत्यू 1191) यांनी लिहून ठेवली आहे. वडिलांनी मुलाला मुदतीच्या करारावर कामाला लावलं आणि मुदत संपायच्या आत तो बालिग झाला, तर करार पुढे चालवायचा की मोडायचा हे तो ठरवेल. बापाने दिलेला शब्द त्याला बांधत नाही. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा एक फकीह मुलाला वडिलांच्या करारातून सुटायची वाट ठेवतो. वेठीला लावलेल्या, बापाच्या कर्जापोटी राबणाऱ्या मुलांबद्दल बोलताना हा नियम कुणी का आठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि घर खरंच उपाशी असेल तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण मुलांना कामाला लावणारी बहुतेक घरं हौसेने लावत नाहीत. शरियतने खर्चाची रांग ठरवून दिली आहे. आधी वडील. वडील नसतील, तर 2:233 म्हणते, ‘वारसावरही तशीच जबाबदारी.’ म्हणजे ज्या काकाला या मुलाच्या मागे वारसा मिळू शकतो, त्याच्याकडे मुलाचा खर्चही येतो. मग जकात, ज्यात फकीर आणि मिस्कीन (गरीब आणि गरजू) पहिल्या दोन जागी आहेत (9:60). मग बैतुलमाल, म्हणजे सरकारी खजिना. ही सगळी दारं वाजवून झाल्यावरच मुलाच्या हातांकडे पाहायचं. व्यवहारात उलट होतं. सर्वांत आधी मुलाचे हात दिसतात, काका शेवटपर्यंत दिसत नाही.

दुसरे खलिफा उमर (रजि.) यांच्या कारकिर्दीतली एक हकीगत इथे फार जवळची वाटते. तेव्हा भत्ता दूध सुटलेल्या मुलांना मिळायचा. रात्री एक तान्हं सारखं रडताना त्यांनी ऐकलं. आईला विचारलं तर कळलं, भत्ता लवकर सुरू व्हावा म्हणून ती मुदतीआधी दूध तोडत होती. कारण कळल्यावर उमर यांनी आईला दोष दिला नाही. त्यांनी स्वतःला दोष दिला आणि नियम बदलला: जन्मलेल्या प्रत्येक मुलाला भत्ता. घराच्या पैशाची किंमत मूल मोजत असेल, तर सत्तेने आपला नियम तपासायचा, हे त्यांनी करून दाखवलं.

हेच प्रकरण आज

समजा, बारा वर्षांचा एक मुलगा आहे. वडील वारले. काका त्याला आपल्या ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवतात. सकाळी जातो, रात्री येतो, शाळा सुटली आहे, पगार काकांच्या हातात पडतो. काका अनस यांचा दाखला देतात. आता दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवा. आईला कुणी विचारलं होतं का? पैसा कुणाच्या नावे जमा होतो? चूक झाली की दुकानात काय ऐकावं लागतं? अनस लिहिणं-वाचणं घेऊन आत गेले आणि ज्ञान घेऊन बाहेर आले. त्यांच्या नावावर 2,286 हदीस मोजल्या जातात. हा मुलगा शाळा सोडून आत गेला. ‘सलाहन लहू’ची अट इथे पहिल्याच पायरीवर मोडते.

याच मुलाची दुसरी शक्यता पाहा. शाळेनंतर तास-दीड तास तो एखाद्या कारागिराकडे बसतो, अवजारं ओळखतो, चुकतो, कारागीर हातात हात धरून दाखवतो. याला सुन्नतमध्ये (पैगंबरांच्या आचरणात) थेट आधार आहे. एक मुलगा बकरी सोलत होता, त्याला नीट जमत नव्हतं. पैगंबर (स.) जाताना थांबले, म्हणाले, बाजूला हो, तुला दाखवतो. चामडं आणि मांस यांच्या मध्ये त्यांनी हात काखेपर्यंत घातला आणि कसं सोलायचं ते दाखवलं. काम शिकण्याला इस्लाम कमी लेखत नाही. पैगंबरांनी स्वतः मक्केवाल्यांच्या मेंढ्या मजुरीवर चारल्या होत्या.

ही रेघ आज कायद्याच्या भाषेतही आली आहे. इस्लामी सहकार्य संघटनेने 2005 मध्ये साना इथे मुलांच्या हक्कांचा करार स्वीकारला. धोक्याचं, शिक्षणात अडथळा आणणारं, आरोग्याला किंवा शरीर-मनाच्या वाढीला मारक असलेलं काम कुठल्याही मुलाने करू नये, असं त्यात म्हटलं आहे. मुस्लिम देशांच्या स्वतःच्या संघटनेचा हा शब्द आहे, त्यामुळे ‘हे बाहेरून लादलेलं आहे’ म्हणायला जागा राहत नाही. तरीही आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगात सुमारे 13.8 कोटी मुलं बालमजुरीत होती, त्यांतली 5.4 कोटी धोक्याच्या कामात. त्यांत मुस्लिम घरांतलीही आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या घरी अनस यांचं नाव घेतलं गेलं असणार.

अनस पैगंबरांच्या वफातीपर्यंत (निधनापर्यंत), सन 632 पर्यंत, खिदमतीत राहिले. नंतर बसऱ्याला गेले, शंभरच्या आसपास वय जगले, दुआ मिळाली होती तसा माल आणि मुलंबाळं दोन्ही मिळाली. त्या उशीर झालेल्या दिवसाची गोष्ट त्यांनी आपले शिष्य साबित यांना सांगितली, पण काम काय होतं ते सांगितलं नाही. म्हणाले, साबित, हे कुणाला सांगितलं असतं, तर तुला सांगितलं असतं.